कॅमेऱ्याबद्दल काउंटरवर रोज विचारले जाणारे प्रश्न, एकदाच लिहून टाकतो

गोव्यात फोंड्याला आमचा छोटा फोटो स्टुडिओ आहे. वडिलांनी आगफा क्लिक थ्री गळ्यात घालून सुरुवात केली होती, मी डिजिटलच्या काळात गल्ल्यावर बसलो, आणि गेली कित्येक वर्षं पासपोर्ट फोटोला आलेली माणसं फोटो निघेपर्यंत जे विचारतात ते साधारण तेच तेच असतं. भाची म्हणाली मामा लिहून टाक ना, लिंक पाठवायची आणि मोकळं व्हायचं. म्हणून हे. क्रम बिम काही लावलेला नाही, जसं आठवलं तसं.

कॅमेरा म्हणजे नक्की काय? इतकं साधं विचारलं तर हसणार नाही ना?

हसत नाही, उलट हेच कोणी विचारत नाही. कॅमेरा म्हणजे काळोखी खोली आणि तिला एक भोक. लहानपणी आजोळी मयेला दुपारी सगळे निजले की मी मागच्या काळोख्या खोलीत जायचो, तिथे दाराच्या फळीला वाळवीनं पाडलेलं भोक होतं आणि समोरच्या भिंतीवर माड उलटे हलताना दिसायचे. मी घाबरून आजीला सांगितलं तर ती म्हणाली देवचार असेल, नमस्कार कर. वडिलांनी नंतर समजावलं. उजेड सरळ रेषेत चालतो, माडाच्या शेंड्याकडून निघालेला किरण भोकातून खाली उतरतो, बुंध्याकडून निघालेला वर चढतो, म्हणून चित्र उलटं. भोकाच्या जागी भिंग लावा, चित्र उजळ होतं. एवढंच यंत्र.

अवघड होतं ते चित्र धरून ठेवणं. फ्रान्समध्ये न्येप्सनं १८२६-२७ च्या सुमारास खिडकीबाहेरचं दृश्य धातूच्या पत्र्यावर उमटवलं, त्याला कित्येक तास लागले. १८३९ मध्ये दागेरची पद्धत जाहीर झाली तिथून फोटोचा धंदा सुरू झाला म्हणायला हरकत नाही. १८८८ मध्ये कोडॅकनं डबा काढला तो १०० फोटोंचा रोल आतच भरून यायचा, संपला की अख्खा डबाच कंपनीला पाठवायचा, ते फोटो काढून नवा रोल भरून परत पाठवायचे. म्हणजे माणसाला रसायनं कळायची गरज संपली, माझ्या मते कॅमेरा घराघरात शिरला तो इथे. आणि मजा बघा, त्याच कोडॅकमध्ये १९७५ मध्ये स्टीव्हन सॅसन नावाच्या इंजिनियरनं पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. ०.०१ मेगापिक्सेल, काळा-पांढरा, एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. ज्या कंपनीचं पोट फिल्मवर चालायचं तिच्याच घरात हे जन्माला आलं, पुढे काय झालं ते आम्हा स्टुडिओवाल्यांना सांगायला नको.

मोबाईल एवढे भारी आलेत, मग कॅमेरा घ्यायचा कशाला?

खरं सांगू? दहातल्या आठ जणांना मी नको म्हणून सांगतो. घरची चवथ म्हणजे गणपती, त्याच्यावर टांगलेली फळाफुलांची माटोळी, पोरांचे वाढदिवस, बाजारात मिळालेला मोठा विसवण मासा, ह्याला मोबाईल पुरतो आणि तो खिशात असतो हा त्याचा सगळ्यात मोठा गुण.

फरक कुठे आहे ते सांगतो. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे आतली उजेड टिपणारी चिप, ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. बऱ्यापैकी महागड्या मोबाईलच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण १० बाय ७ च्या आसपास. म्हणजे बारा पट फरक. पावसात अंगणात कळशी ठेवली आणि शेजारी परात ठेवली तर पाणी कशात जास्त जमेल, तसंच उजेडाचं. मोबाईल ही कसर हिशोबानं भरून काढतो, तुम्ही एकदा बटण दाबता पण तो भराभर अनेक फ्रेम घेतो, त्या एकावर एक बसवतो, सावल्या उजळतो, आकाश आवरतो, आवाज (आम्ही नॉईज म्हणतो तो फोटोतला रवाळपणा) पुसतो. बऱ्याचदा झकास येतं. पण पोरगी फुगडी घालत असेल तर त्या फ्रेम एकमेकीवर बसत नाहीत, आणि मागचं धूसर करणारा पोर्ट्रेट मोड केसात माळलेल्या अबोलीच्या फातीच्या (गजऱ्याच्या) कडा कुठे कापतो हे बघा एकदा मोठं करून, अर्धी फाती मागच्या भिंतीत विरघळलेली असते.

दुसरं म्हणजे लांबचं. चोडणला सालिम अली अभयारण्यात खारफुटीतला धीवर टिपायचाय किंवा नाट्यस्पर्धेत मागच्या रांगेतून रंगमंचावरचा चेहरा हवाय, तिथे बहुतेक मोबाईलचा झूम म्हणजे नुसतं चित्र ताणणं. ह्या दोन जातीच्या लोकांनी कॅमेरा घ्यावा, बाकीच्यांनी त्या पैशांत भिंतीला रंग काढावा, फोटोची पार्श्वभूमी तरी सुधारेल.

किती मेगापिक्सेल पाहिजे?

४ बाय ६ इंची प्रिंटला साधारण २ मेगापिक्सेल पुरतात, ८ बाय १२ ला ९ च्या आत, १२ बाय १८ ला १९-२०. फोर के व्हिडिओची एक फ्रेम म्हणजे सव्वाआठच्या आसपास. हॉलमध्ये मोठी फ्रेम लावायची नसेल तर २०० मेगापिक्सेलच्या जाहिरातीवर पैसे घालवू नका. पुढचा.

सिनेमाचा कॅमेरा वेगळा असतो का? आणि आपल्याकडे हे सुरू कसं झालं?

हा प्रश्न नोव्हेंबरात जास्त येतो, इफ्फीचे (पणजीतल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचे) पास गळ्यात घालून पोरं येतात आणि एकदम सिनेमॅटोग्राफर व्हायचं असतं. या, बसा.

हलतं चित्र म्हणजे भराभर काढलेले स्थिर फोटोच, डोळ्याला ते जोडलेले वाटतात. मुंबईत ७ जुलै १८९६ ला वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचे खेळ दाखवले, ते बघून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, लोक त्यांना सावेदादा म्हणायचे, त्यांनी विलायतेतून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली. ते मुळात फोटोग्राफरच, आपल्याच बिरादरीतले, म्हणून मला त्यांचं कौतुक जरा जास्त.

मग दादासाहेब फाळके. त्यांचाही गोध्र्याला फोटो स्टुडिओ होता. १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले आणि मोठ्या सिनेमाला पैसा कोण देणार म्हणून आधी कुंडीत वाटाणा पेरला, रोज थोड्या थोड्या फ्रेम घेतल्या, आणि अंकुर फुटून वेल वर चढताना डोळ्यांदेखत दाखवला. आज मोबाईलमध्ये टाइमलॅप्स म्हणून बटण आहे ना, ते हेच. १९१३ मध्ये राजा हरिश्चंद्र आला. सरस्वतीबाई फाळके रात्री काळोखात बसून कोऱ्या फिल्मला कडेची भोकं पाडायच्या, उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहायच्या म्हणजे नटांच्या तोंडावर उजेड पडावा. आमच्याकडे लग्नाच्या शूटिंगला रिफ्लेक्टर धरणारा पोरगा कंटाळला की मी त्याला हे सांगतो, त्याच्यावर काही परिणाम होत नाही.

तेव्हाचा कॅमेरा हातानं फिरवायचा, एका वळशाला ८ फ्रेम, सेकंदाला दोन वळसे म्हणजे १६ फ्रेम. हात दमला की वेग बदलला, म्हणून जुन्या सिनेमात माणसं कधी तुरूतुरू पळतात. बोलपट आले तसा वेग बांधावा लागला, कारण डोळा थोडं खपवून घेतो, कान नाही घेत, आवाज लगेच चिरका होतो, म्हणून २४ फ्रेम ठरल्या आणि त्या अजून चालूच आहेत. आणि हे विलायती यंत्र परवडेना म्हणून कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर ह्या भावांनी स्वतःच कॅमेरा करायला घेतला, आनंदराव मध्येच १९१६ ला गेले, बाबूरावांनी १९१८ मध्ये तो पुरा केला. पोरं मला विचारतात कुठला बॉडी घेऊ, मी म्हणतो आधी हे वाच.

फिल्म महाग असायची तेव्हा शिस्त आपोआप यायची. ३५ एमएमचं १००० फुटांचं रीळ २४ फ्रेमच्या वेगानं अकरा मिनिटांत संपतं. म्हणून तालमी व्हायच्या. आता कार्डात तासन् तास भरतात, म्हणून कोणी 'कट' म्हणतच नाही आणि मग एडिटिंगला बसणारा बिचारा शिव्या देतो.

गोव्याचं म्हणाल तर १९५० मध्ये अल जेरी ब्रागांझांनी पहिला कोंकणी सिनेमा मोगाचो आंवडो आणला. आणि श्याम बेनेगलांचा १९८५ चा त्रिकाल बघा, लोटलीला मारियो मिरांडांच्या जुन्या घरात शूट झालेला, अशोक मेहतांचा कॅमेरा, रात्रीचे प्रसंग मेणबत्त्यांच्या उजेडात. वीज गेलेलं आपलं जुनं घर कसं दिसतं ते ज्याला माहितीये त्याला तो काळोख लगेच ओळखू येतो. तो सिनेमा बघितल्यावर मी लग्नाच्या घरात घुसल्या घुसल्या चारी कोपऱ्यांत हॅलोजन लावायचं बंद केलं.

मला गोव्यात शॉर्टफिल्म करायचीये, परमिशन लागते का?

सार्वजनिक जागी शूटिंग म्हणजे लागते. एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा, लोक ईएसजी म्हणतात, त्यांच्यामार्फत अर्ज होतो. इफ्फी २००४ पासून पणजीत भरतो त्याची व्यवस्थाही तेच बघतात. जुन्या गोव्याच्या चर्चेस, किल्ले असल्या संरक्षित जागी ट्रायपॉड लावायचा तर वेगळी परवानगी, नुसता हातात मोबाईल धरून फोटोला कोणी काही म्हणत नाही. आणि कागद हातात असला तरी गावात शिरताना पंचायतीत आणि समोरच्या घरातल्या मामीला सांगून ठेवा. ती बिघडली तर तिचा कुत्रा तुमचा साउंड ट्रॅक खाणार.

व्हिडिओत काळे पट्टे का फिरतात?

ट्यूबलाइट आणि स्वस्तातले एलईडी सतत पेटलेले दिसतात पण तसे नसतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. कॅमेऱ्याचा सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीनं वाचतो, त्यामुळे काही ओळी उजेडात सापडतात, काही मंद असताना. उपाय सोपा, शटर १/५० किंवा १/१०० सेकंदाला ठेवा, मोबाईलच्या सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ निवडा. देवळाच्या जत्रेत त्या रंगीबेरंगी माळा असतात त्यांच्यापुढे मात्र हे पण कधी कधी चालत नाही, थोडं तिरकं उभं राहा आणि माळ फ्रेमच्या बाहेर ढकला.

लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतंय

अरे देवा. बुरशी. गोव्यात ह्या एका प्रश्नावर मी पुस्तक लिहीन. जून ते सप्टेंबर आपल्याकडे साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, हवेतला ओलावा दिवसेंदिवस ८५-९० टक्के, चपलांना बुरशी येते, देव्हाऱ्यातल्या फ्रेमला येते, मग काचेला का सोडेल. काच ती खात नाही, पण काचेवरची धूळ, बोटाचं तेल, लेन्सच्या आतलं वंगण ह्यावर ती जगते आणि वाढताना असं आम्ल सोडते की काचेवरचं कोटिंग कोरलं जातं. सुरुवातीलाच उघडून पुसली तर जाते, कोटिंग कोरल्यावर पुसून डाग राहतो तो राहतोच.

लोक काय करतात, महागडी लेन्स चामड्याच्या पाऊचमध्ये घालून कपाटात, कपड्यांखाली, कुलूप लावून. म्हणजे बुरशीला अगदी बाळंतिणीची खोली. काळोख, ओलावा, हवा बंद, चामड्यातही ओल. पाऊसभर तिथे. चवथीला काढतात तेव्हा आत बाग फुललेली. माझ्या वडिलांची एक ५० एमएम लेन्स अशीच गेली, मीच कपाटात ठेवली होती, त्यांनी मला काही म्हटलं नाही हेच जास्त लागलं.

तर हे करा. ओलावा ४० ते ५० टक्क्यांत राहील असा ड्राय कॅबिनेट घेता आला तर उत्तम. नसेल तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि शंभर-दोनशे रुपयांचा छोटा ओलावा मोजायचा काटा. रंग बदलणारं सिलिका जेल घ्या, रंग उतरला की तव्यावर मंद आचेवर कोरडं करून परत वापरता येतं (खायच्या भांड्यात नको). तांदूळ घालू नका हो, तांदळाची पूड उडते, दमट तांदळाला स्वतःलाच किडे होतात. आणि सगळ्यात स्वस्त औषध म्हणजे कॅमेरा वापरणं. आठवड्यातून एकदा बाहेर काढा, रिंगा फिरवा, सकाळच्या उन्हात अर्धा तास ठेवा, पण लेन्सचं तोंड थेट सूर्याकडे करून नको, आत काहीतरी जळेल.

एसीच्या खोलीतून दुपारी एकदम बाहेर आलात तर लेन्सवर वाफ धरते ती पुसत बसू नका, पिशवीतच बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटं थांबा. लग्नाच्या हॉलमधून अंगणातल्या मंडपात येताना आमची नेहमीची पंचाईत.

बीचवर कॅमेरा नेला तर?

न्या. लेन्स मात्र तिथे बदलू नका, घरी येऊन ओल्या पिळलेल्या फडक्यानं बाहेरून पुसा कारण खाऱ्या हवेचं मीठ स्क्रूंना खातं. वाळू गेली तर फुंकर मारू नका, तोंडातला ओलावा जातो, रबरी ब्लोअर वापरा. माशेलच्या चिखलकाल्याला जाणार असाल तर कॅमेरा प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि मोह आवरून कडेला उभे राहा, चिखलात लोळणाऱ्यांना तुमचा कॅमेरा दिसतच नाही, आणि दिसू नये हेच बरोबर.

नवरीचा पांढरा गाऊन करडा का आला?

कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर बावळट असतो, त्याला वाटतं जगातलं सगळं सरासरी करडं आहे. फ्रेम भरून पांढरा गाऊन दिसला की तो म्हणतो बापरे किती उजेड, आणि सगळं काळवंडवतो. काळा सूट भरून घेतला की उलटं, तो उजळवून राखाडी करतो. एकाच फोटोत गाऊन आणि सूट शेजारी शेजारी, कॅथलिक लग्न काढणाऱ्याचे केस त्यातच पिकतात. गाऊनसाठी एक्स्पोजर +१ च्या जवळपास न्या, पण गाऊनवरचं नक्षीकाम उडणार नाही इतपतच. मोबाईलवर चेहऱ्यावर बोट टेकवून धरा आणि शेजारची सूर्याची खूण वरखाली करा. हळदीला पिवळा प्रकाश भिंतीवरून उडून सगळ्यांच्या तोंडाला कावीळ होते ती वेगळीच, तिथे व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून असलेली सेटिंग) ऑटोवर ठेवू नका.

आणि फुकटातला सॉफ्टबॉक्स सांगू? जुन्या घरात शिंपल्यांच्या खिडक्या असतात, त्यातून येणारा उजेड इतका मऊ असतो की पैसे देऊन असा लाइट मिळत नाही. आजीला त्या खिडकीशेजारी बसवा, हॉलमधली ट्यूब बंद करा, तिच्याशी बोलत राहा. माझे आयुष्यातले चांगले फोटो अशाच खिडकीजवळचे आहेत.

रस्त्यावर, देवळात, दुसऱ्याच्या घराचा फोटो काढला तर चालतं का?

कायद्यानं बघायचं तर सार्वजनिक जागी फोटोला सरसकट बंदी नाही. पण माणसाच्या खाजगी अंगाचा फोटो त्याच्या संमतीशिवाय काढणं किंवा पसरवणं ह्याला आयटी कायद्याच्या कलम ६६ ई खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बाई खाजगीत असताना चोरून टिपणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये येतं, पहिल्याच गुन्ह्याला १ ते ३ वर्षं. बीचवर लांब लेन्स लावून अंघोळ करणाऱ्यांचे फोटो काढणारे आहेत ना, त्यांच्यासाठी लिहितोय. असल्यांच्या लेन्सची बुरशी मी काढत नाही.

कायद्याच्या पलीकडचं जास्त महत्त्वाचं. पणजीच्या फोंताइन्यात रंगीत भिंती आहेत म्हणून लोक थेट दारात उभे राहतात, पायऱ्यांवर कपडे बदलून पोज देतात, आणि आत कोणीतरी दुपारचं जेवत असतं. लोकांनी घराबाहेर पाट्या लावल्या त्या उगीच नाही. पर्र्याच्या माडांच्या रस्त्यावर पंचायतीनं मध्यंतरी फोटोवाल्यांकडून पैसे घेतले होते त्यावरून केवढा गदारोळ झाला. पैसे घेणं मला पटलं नाही, पण रस्त्याच्या मधोमध आडवं पडून रील करणाऱ्यांना हॉर्न मारून दमलेल्या माणसाची बाजूही मला कळते, आमची डिलिव्हरी त्याच रस्त्यानं जाते.

देवळात गर्भकुडीकडे कॅमेरा वळवायचा नाही, भटजींना विचारायचं, ते नाही म्हणाले तर विषय संपला. शिरगावच्या जत्रेत धोंड, म्हणजे लईराई देवीचे व्रतस्थ भक्त, होमखणातून म्हणजे निखाऱ्यांवरून जातात तेव्हा फ्लॅश मारू नका, एक तर निखाऱ्यांचा लाल उजेड फ्लॅशनं मरतो, आणि त्या माणसाला त्या क्षणी पुढची वाट दिसायला पाहिजे.

ड्रोन उडवू का?

आधी डिजिटल स्काय ह्या सरकारी वेबसाइटचा नकाशा उघडा. २०२१ च्या ड्रोन नियमांत हिरवा, पिवळा, लाल असे झोन आहेत, विमानतळाभोवती १२ किलोमीटरपर्यंत उडवण्यावर बंधनं. गोव्यात एक दाबोळी, तो नौदलाचाही तळ, आणि दुसरा पेडण्यातला मोपा. एवढ्याशा राज्यात दोन वर्तुळं काढली की काय उरतं ते बघा. दोनापावलला उभं राहून लोकांना वाटतं आपण किती लांब, मध्ये फक्त जुवारीचं तोंड आहे हो, समोर दाबोळीच. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही, २ किलोपर्यंतच्याला धंद्याचं काम नसेल तर लागत नाही, पण झोनचे नियम सगळ्यांना सारखे. लग्नात ड्रोन पाहिजेच म्हणून नवऱ्याचा भाऊ हटून बसतो, मी म्हणतो माडाच्या झावळ्यात अडकला तर तू चढणार का.

घराला सीसीटीव्ही लावलाय, चोर दिसतो पण ओळखू येत नाही

कारण कॅमेरा उंच, कोपऱ्यात, सगळं अंगण दिसावं म्हणून लावलाय. फुल एचडी म्हणजे रुंदीला १९२० ठिपके. आठ मीटर रुंदीचं अंगण पकडलं तर मीटरला २४० ठिपके, माणसाचा चेहरा जेमतेम १५ सेंटीमीटर रुंद, म्हणजे चेहऱ्याच्या वाट्याला ३६ ठिपके. त्यातून टोपी दिसते, माणूस नाही. एक कॅमेरा सगळं अंगण बघायला ठेवा आणि दुसरा फक्त गेटवर, खाली, दीड-दोन मीटर रुंदीचाच भाग दिसेल असा.

रेकॉर्डिंग किती दिवस राहतं हे कोणी विचारत नाही, घटना झाल्यावर विचारतात. सेकंदाला ४ मेगाबिटनं एक कॅमेरा दिवसाला ४३ जीबी खातो. चार कॅमेरे म्हणजे १७० च्या वर. १ टीबीच्या डिस्कमध्ये पाच-सहा दिवस, त्यानंतर जुन्यावर नवं लिहिलं जातं. म्हणून सुट्टीवरून दहा दिवसांनी येऊन बघितलंत तर काही नसतं. एच.२६५ ह्या जास्त दाबून साठवणाऱ्या पद्धतीत टाकून निम्म्या वेगावर आणलं तर अकरा दिवस मिळतात. घड्याळ बरोबर आहे का ते पण बघा, वीज जाऊन आली की कित्येक डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारे डबे) जुनाट तारीख दाखवत बसतात आणि पोलीस तक्रारीत ते अडतं.

रात्री चित्र धुकट येतं आणि मध्ये पांढऱ्या दोऱ्या नाचतात ते भूत नाही, कोळी आहे. कॅमेऱ्याभोवतीचे इन्फ्रारेड दिवे आपल्याला दिसत नाहीत पण त्या उबेला आणि उजेडाला किडे येतात, किड्यांमागे कोळी. पंधरा दिवसांनी झाडूनं पुसा. आणि पहिल्या वळवाच्या गडगडाटाआधी प्लग काढा, दर मे-जूनमध्ये माझ्याकडे जळलेल्या डीव्हीआरची रांग लागते. शेजाऱ्याच्या खिडकीकडे तोंड करून लावलेला कॅमेरा मात्र मी फिरवून देतो, फुकट.

डीजेच्या लेझरनं कॅमेरा खराब होतो हे खरं?

खरं. दिवाळीच्या आदल्या, नरकासुराच्या रात्री स्पर्धेचं शूटिंग करताना एका मंडपाच्या लेझरचा झोत सरळ माझ्या लेन्समध्ये आला, अर्धा सेकंदही नसेल, आणि तेव्हापासून त्या सेन्सरवर एक उभी हिरवी रेघ आहे. दुरुस्तीचा खर्च कॅमेऱ्याच्या निम्म्या किमतीचा होता. मोबाईलचंही तेच. लेझर फिरतोय दिसला की लेन्सवर हात.

आमच्या लग्नाचे फोटो कोणाच्या मालकीचे, तुमचे की आमचे?

भांडण लावणारा प्रश्न. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असं आहे की पैसे देऊन तुम्ही फोटो काढून घेतला तर वेगळा करार नसेल तेव्हा पहिला मालक तुम्ही. मी स्वतःहून शिगम्याचा फोटो काढला तर मालक मी, आणि तो हक्क मी असेपर्यंत आणि मी गेल्यावर पुढची ६० वर्षं. म्हणून आमच्यासारख्यांच्या करारात बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचत चला, त्यात बहुतेक वेळा नमुना म्हणून फोटो वापरायची परवानगी घेतलेली असते. नको असेल तर आधी सांगा, मी तरी लगेच खोडतो. रॉ फाइल मागतात लोक, ती म्हणजे कच्चं पीठ, देतो पण भाकरी तुम्हालाच भाजावी लागेल.

आजोबांचा जुना फोटो काचेला चिकटलाय, काढून द्याल?

ओढू नका!! फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो, ओलीनं तो मऊ होऊन काचेला चिकटतो, ओढलात तर आजोबांचा चेहरा काचेवर आणि कोट कागदावर राहतो. मागचा पुठ्ठा तेवढा काढा आणि काचेसकट घेऊन या, दोन्ही बाजूंनी ४५ अंशात लाइट लावून काचेवरूनच फोटो घेतो आणि मग दुरुस्त करतो. पुढच्या वेळी फ्रेम करताना मध्ये माउंटची पट्टी घाला म्हणजे काच टेकत नाही, आणि फ्रेम पावसाळी भिंतीवर, म्हणजे पश्चिमेच्या भिंतीवर, लावू नका.

रोल अजून मिळतो का?

मिळतो, महाग. ऊटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा कारखाना होता, त्यांचा 'इंदू' रोल आमच्या दुकानात पेटीनं यायचा, तो बंद पडला. काळा-पांढरा डेव्हलप करायला पाणी २० अंशांचं लागतं आणि मे महिन्यात आमच्या नळाचं पाणी ३० च्या घरात, म्हणून वडील बाजारात मासळीवाल्याकडून बर्फ आणायचे. डार्करूमला हायपो (फोटो पक्का करायचं रसायन) आणि बांगड्याचा मिळून असा वास यायचा की आई तिकडे फिरकत नसे. कॉलेजची पोरं हल्ली परत रोल घेऊन येतात, ३६ फोटोंत काय काढलंय ते आठवत नाही म्हणतात, मला बरं वाटतं.

मोबाईल हरवला, सगळे फोटो गेले, परत येतील का?

क्लाउडवर असतील तर येतील. नसतील तर नाही. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या जागी, त्यातली एक घराबाहेर. आणि वर्षाला निदान पन्नास फोटो छापा. हे दुकानदार म्हणून सांगतोय असं वाटेल, वाटू दे. वडिलांचे १९७० च्या आसपासचे प्रिंट अजून आहेत, माझ्या २००५ च्या सीडी आता कुठलाच लॅपटॉप वाचत नाही.

पासपोर्ट फोटोत हसू का देत नाही?

मशीन चेहरा जुळवतं तेव्हा दात दिसलेले त्याला आवडत नाहीत. तसं मोठ्या माणसांचा पासपोर्टचा फोटो केंद्रातच काढतात, चार वर्षांखालच्या पोरांचा मात्र नेऊन द्यावा लागतो. तान्हं बाळ असेल तर पांढरी चादर घालून त्यावर निजवा, वरून फोटो घेऊ, आईचा हात दिसला की फेटाळतात. दूध पाजून आणा, झोपवून आणू नका, डोळे उघडे लागतात.

दुकान कधी उघडं असतं?

सकाळी ९ ते १, दुपारी साडेतीन ते साडेसात. मधल्या वेळात फोन करू नका, उचलणार नाही. चवथीचे पाच दिवस बंद, पण माटोळीचे फोटो प्रिंट करायला आधी पाठवून ठेवलेत तर सहाव्या दिवशी तयार असतील, वीज असली तर.